हृदयविकार झालेल्या सभासदांसाठी : तारकर्लीच्या स्कूबा डाइव्हआधी

सप्रेम नमस्कार.
हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल, तर मेडिकल फॉर्मवर हृदयाच्या प्रश्नासमोर 'होय' लिहावे. कृपा करून लपवू नका. पाण्यात शिरताच हातापायांतले रक्त छातीकडे ओढले जाते आणि हृदयावरचा भार वाढतो. धाप तिथेच लागते, आणि वर येणे झटपट जमत नाही.

प्रक्रियेनंतर साधारण 6 ते 12 महिने थांबावे लागते. मग कार्डिओलॉजिस्टकडून टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. ब्रूस पद्धतीच्या (दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ वाढणाऱ्या) ट्रेडमिलवर 9 मिनिटे, म्हणजे सुमारे 10 मेट्स (शांत बसताना लागणाऱ्या ऊर्जेच्या 10 पट श्रम), छातीत न दुखता आणि ईसीजी न बिघडता पूर्ण व्हायला हवीत. गोळ्या स्वतःहून बंद करून टेस्टला जाऊ नका. बीटा ब्लॉकरने (हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या गोळ्यांनी) श्रमातही ठोके पुरेसे वाढत नाहीत, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका असतो. डॉक्टरांना दोन्ही सांगा. पेसमेकर असल्यास तो किती खोलीच्या दाबाला चालतो, हे कंपनीकडून लेखी घ्या.

नुसते 'प्रकृती उत्तम' लिहिलेले सर्टिफिकेट उपयोगाचे नाही. डाइव्हिंगला हरकत नाही, असा स्पष्ट शेरा आणि सही फॉर्मवरच हवी.