बी.आर्क. प्रवेश: पालकांसाठी सूचना

नमस्कार मंडळी. बी.आर्क.ला (वास्तुकलेच्या पदवीला) एमएचटी-सीईटी चालते का, हा प्रश्न कालपासून चारदा आला, म्हणून एकदाच लिहितो. एमएचटी-सीईटीचे गुण बी.आर्क.ला चालत नाहीत. नाटा (वास्तुकलेची राष्ट्रीय अभिरुची परीक्षा) किंवा जेईई मेनचा पेपर २ए (बी.आर्क.साठीचा पेपर) लागतो. नागपूरच्या व्हीएनआयटीचा विचार असेल तर जेईईच हवी, तिथे नाटा उपयोगाची नाही.

राज्यातील कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांसाठी राज्याच्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. नाटा दिली म्हणजे अर्ज झाला, असं नाही! दरवर्षी कुणीतरी इथेच फसतं.

डोमिसाइल, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर यांतलं जे लागू असेल ते आत्ताच काढायला टाका. सेतू केंद्रात जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

चित्रांची फाइल (पोर्टफोलिओ) राज्याच्या गुणवत्ता यादीत धरत नाहीत, त्यामुळे तिच्यावर खर्च करण्याआधी विचारा.