फोटोच्या पाठीवरचा मजकूर वाचवायला मदत हवी

वायव्य लंडनमधल्या आमच्या स्थानिक इतिहास मंडळाकडे विसाव्या शतकातले वृत्तपत्रांसाठी काढलेले फोटो, निगेटिव्ह आणि कात्रणे जमा होत आहेत. वृत्तपत्राचे कार्यालय हलले किंवा कुणाचा माळा रिकामा झाला की असे फोटो कचऱ्यात जातात, नाहीतर सुटे सुटे विकले जातात. ते टिकवण्यासाठी, आणि त्यांत कोण आहे, कुठले आहे हे ओळखण्यासाठी, ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांनी हातभार लावावा ही विनंती.

वृत्तपत्राच्या फोटोला दोन बाजू असतात आणि दोन्ही सारख्याच मोलाच्या. मागे एजन्सीचा शिक्का, छापून आल्याची तारीख, फोटोत कोण आणि काय आहे हे सांगणाऱ्या टंकलिखित ओळींची चिकटवलेली चिठ्ठी, किती रुंदीत छापायचा त्याचा पेन्सिलीतला आकडा. पुढे मेणाच्या पेन्सिलीने ओढलेल्या कापणीच्या रेषा आणि कडा उठून दिसाव्यात म्हणून दिलेला पांढरा रंग. ही घाण समजून कोणी पुसली, तर संपादकाने काय ठेवले आणि काय वगळले याचा पुरावा गेला. वगळलेल्या भागातच बहुधा रोजचे जगणे सापडते. ब्रिटनमध्ये अन्नाचे रेशनिंग जानेवारी 1940 ते जुलै 1954 चालले. त्या वर्षांतल्या फोटोत मधोमध पाहुणा हार घालून उभा असेल, पण कापणीच्या रेषेबाहेरची खाटकाच्या दुकानाची रांग, खिडकीतली किमतीची पाटी आणि बाबागाडीत ठेवलेली पिशवी आम्हाला जास्त हवी आहे.

चिठ्ठीवरच्या ओळी जपायच्या, पण त्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. 9 ऑक्टोबर 1940 रोजी लंडनमध्ये बॉम्बने पडलेल्या ढिगाऱ्यातून दुधाच्या बाटल्या घेऊन चाललेल्या दूधवाल्याचा फोटो फ्रेड मॉर्ली यांनी काढला. तो माणूस दूधवाला नव्हता, त्यांचाच सहायक होता, असे पुढे सांगितले गेले. जुलै 1937 मध्ये लॉर्ड्स क्रिकेट मैदानाबाहेर जिमी साइम यांनी टिपलेला फोटो आजही श्रीमंत-गरीब दरीचे चित्र म्हणून छापला जातो. उंच टोपीतले दोघे हॅरो शाळेचे, बाजूचे तिघे जवळच्याच वस्तीतले. त्या तिघांना नंतर उनाड ठरवण्यात आले. प्रत्यक्षात ती साधी शाळकरी मुले होती, सामन्याला आलेल्यांची लहानसहान कामे करून चार पेनी मिळवायला तिथे आलेली.

आपल्या लोकांच्या बाबतीत चिठ्ठ्या आणखी तोकड्या पडतात. विल्सडेनच्या ग्रनविक फोटो-प्रक्रिया कारखान्यात ऑगस्ट 1976 ते जुलै 1978 संप चालला. संपाच्या नेत्या जयाबेन देसाई यांचे नाव सर्वांना ठाऊक झाले, पण त्यांच्यामागे उभ्या असलेल्या अनेक बायका चिठ्ठीवर नुसत्या ‘एशियन’ किंवा ‘साडीतल्या संपकरी’ म्हणून राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती होत्या. उजव्या खांद्यावरून पुढे आलेला पदर पाहून हे आपल्याला चटकन कळते. नऊवारीचा काष्टा, मंगळसूत्राची घडण, दारावरचे तोरण, फलकावरची लिपी हेही आपण ओळखतो. इंग्रजी जाणकाराला ते जमेलच असे नाही. गोलमेज परिषदेच्या काळात (1930–32) डॉ. आंबेडकर लंडनमध्ये होते. त्या दिवसांचे, तसेच पुढच्या दशकांत इथल्या इस्पितळांत, बस डेपोंत आणि कारखान्यांत काम केलेल्या मराठी माणसांचे वृत्तपत्री फोटो किंवा कात्रणे घरी असतील, तर जरूर दाखवा.

आणताना काळजी घ्या. रबरबँड आणि टाचण्या हलक्या हाताने काढा. रबर वितळून चिकटते, टाचणी गंजून डाग पाडते. जुनी चिकटपट्टी मात्र ओढू नका, तिच्याबरोबर चित्राचा थर निघतो. मागे लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, फोटो काचेवर उपडा ठेवून, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. ओला झालेला गठ्ठा सुटा करायला जाऊ नका, तसाच सपाट आणा. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ॲसिटेट फिल्म सडू लागली आहे. तो वास शेजारच्या फिल्मलाही बिघडवतो, म्हणून ती वेगळ्या कागदी लिफाफ्यात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. 1951 च्या आधीची, पिवळी पडलेली, चिकट फिल्म नायट्रेटची असू शकते. ती पेट घेते. पोस्टाने पाठवू नका, मंडळात घेऊनही येऊ नका. आधी कळवा, पुढे काय करायचे ते आम्ही सांगू.

पैशांऐवजी आम्हाला वस्तू चालतील. दर शंभर फोटोंमागे शंभर पॉलिस्टर पाकिटे (पीव्हीसीची नकोत, त्यातून निघणाऱ्या वायूने फोटो खराब होतो), 10×8 इंची फोटो आडवे राहतील अशी आम्लविरहित पुठ्ठ्याची खोकी, काचेच्या निगेटिव्हसाठी चार पाखांचे कागदी लिफाफे. काचा लांब कडेवर उभ्या ठेवाव्या लागतात; एकावर एक रचल्या तर तळातल्या फुटतात. पाकिटे-लिफाफे घेताना त्यावर फोटोसाठीची पीएटी चाचणी (वेष्टनामुळे फोटो बिघडत नाही ना, हे तपासणारी) उत्तीर्ण असल्याची नोंद पाहा.

सर्वांत मोठी चणचण साठवणुकीची आहे. 10×8 इंची फोटो 600 पीपीआयने (इंचाला 600 पिक्सेल) रंगीत टिफ फाइलमध्ये स्कॅन केला तर एका बाजूला सुमारे 86 एमबी लागतात. फोटो कृष्णधवल असला तरी रंगीतच स्कॅन करतो, कारण शिक्क्यांचे आणि मेणाच्या खुणांचे रंग हवे असतात. दोन्ही बाजू धरून हजार फोटोंना साधारण 173 जीबी, आणि प्रती दोन ठिकाणी ठेवायच्या. म्हणून 2 टीबीच्या दोन नव्या डिस्क मिळाल्या तर काम थांबणार नाही. वापरलेल्या डिस्क कृपया देऊ नका.

स्वयंसेवकांनी आठवड्यातून दोन तास दिले तरी पुरेत. एकाने स्कॅन करावे, दुसऱ्याने मागचा मजकूर जसाच्या तसा, स्पेलिंगच्या चुकांसकट उतरवावा. आपली दुरुस्ती वेगळ्या रकान्यात आणि सांगणाऱ्याच्या संमतीनेच त्याच्या नावासह. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोटो ओळखायला बसवणार असाल तर आधी चिठ्ठी झाकून फोटो दाखवा. छापील नाव वाचले की आठवण तिकडेच वळते.

मूळ फोटो द्यायचा नसेल तर स्कॅन होईपर्यंत थांबा आणि परत घेऊन जा. फोटो हाती आहे म्हणून त्याचा हक्क आपला होत नाही, तो वृत्तपत्राचा, एजन्सीचा किंवा छायाचित्रकाराचा असू शकतो. म्हणून हक्काची चौकशी झाल्याशिवाय आम्ही काहीही प्रसिद्ध करणार नाही. येताना एका कागदावर एवढे लिहून आणा: फोटो कुणाकडून आला, कोणत्या घरात होता, आणि पाकिटात त्याच्यासोबत आणखी काय काय होते.