ग्रामविकास मंत्र्यांना खुलं पत्र: सोळा वर्षांच्या पोरांना गावापुरतं तरी मत द्या

मा. ग्रामविकास मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी एका अनुदानित हायस्कूलला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते, आठवी ते दहावी, आणि निवडणूक लागली की बाकी सगळ्या शिक्षकांसारखी ड्युटी करते. मागणी आधीच सांगून टाकते म्हणजे तुमच्या पीएंनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत १६ वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना मत द्यायचा हक्क द्या. फक्त ग्रामपंचायत. लोकसभा विधानसभा तूर्त राहू द्या, ते तुमच्या खात्याच्या हातात नाहीच.

हे कुठेही बोललं की पहिला प्रश्न ठरलेला, एवढीशी पोरं, त्यांना काय कळतंय, तयार तरी आहेत का ती? प्रश्न चुकीचा नाहीये. मी रोज त्याच पोरांसमोर उभी असते त्यामुळे त्यांच्याबद्दल माझे काही गोड गैरसमज नाहीत. दहावीच्या वर्गात निम्म्यांना आपल्या वॉर्डाचा मेंबर कोण हे माहीतच नसतं आणि उरलेल्यांना तो आपला चुलता आहे म्हणून माहीत असतं. रील बघून मत बनवणारी पण आहेत, नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपला फोटो यावा म्हणून जीव टाकणारी पण आहेत. आठवी-नववीच्या लेकरांना मत द्या असं तर मी म्हणणारच नाही. १३-१४ वर्षांचं पोरगं हुशार नसतं असं नाही, कधीकधी दहावीच्यापेक्षा हुशार असतं, पण त्या वयात घरात जे बोललं जातं तेच त्याचं मत असतं. सोळाव्या वर्षापर्यंत ते बापाशी वाद घालायला लागलेलं असतं. आता बाप म्हणेल तेच चिन्ह हा प्रकार सोळाव्या वर्षी पूर्ण थांबतो असं माझं म्हणणं नाही (नवरा म्हणेल ते चिन्ह हा प्रकार तर साठीतही थांबत नाही), पण आतल्या आत कुठेतरी स्वतःचा हिशोब सुरू झालेला असतो एवढं मी खात्रीने सांगू शकते.

बरं मोठी माणसं किती तयार असतात ते आम्ही ड्युटीवाले बघतो ना साहेब. ग्रामपंचायतीचं मतदान तसं किचकट असतं, सरपंच थेट जनतेतून त्याची मतपत्रिका फिकट निळी, मग वॉर्डातल्या जागांच्या वेगळ्या रंगांच्या, एका माणसाने तीन-चार बटणं दाबायची. माणसं येतात, एक बटण दाबतात आणि पडद्याबाहेर येतात, मशीन काही वाजत नाही, मग केंद्राध्यक्ष ओरडतात आजी अजून दोन राहिलीत, आजी म्हणतात मला एकच सांगितलंय. मग आजींना परत आत पाठवा, बाहेर पोलिंग एजंट टवकारून बसलेले, मागे लाईन लागलेली. माझ्या दहावीच्या पोरांना हे रंग, ही बटणं सगळं पाठ आहे कारण दुसराच धडा निवडणूक प्रक्रियेचा आहे. मतदारसंघ, आयोग, आचारसंहिता सगळं शिकवून मार्क देऊन झालं की आपण त्यांना सांगतो शाब्बास, आता दोन-अडीच वर्षं विसरून जा.

आणि २०२१ च्या जानेवारीत काय झालं होतं ते तुमच्या खात्याला तरी आठवत असेल. १४ हजारांच्या वर ग्रामपंचायतींची निवडणूक होती, त्यात नाशिकमधलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. बोली लावणारे सगळे १८ च्या वरचे होते. त्यानंतर कुणी विचारलं का की ही माणसं मत द्यायला तयार आहेत का? नाही विचारलं आणि विचारूही नये, कारण मताचा हक्क परीक्षा घेऊन देत नाहीत. अंगठा लावणाऱ्या माणसालाही १९५२ ला मत होतं, तेव्हा जगभरातले शहाणे म्हणत होते की ह्यांना काय कळतंय. मग परीक्षा फक्त पोरांचीच का घ्यायची.

दुसरी गंमत बघा. २०१५ च्या बालन्याय कायद्यात १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर त्याची समज तपासून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवता येतं. २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला तेव्हा सगळा महाराष्ट्र ओरडत होता की गाडी चालवणारा १७ वर्षांचा आहे म्हणून सोडू नका, मोठा समजा. माझाही राग तसाच होता. पण मग शिक्षेच्या वेळी सतरा म्हणजे मोठा आणि गावात पाण्याची टाकी कुठे बांधायची ह्यात सतरा म्हणजे बाळ, हे काही पटत नाही.

तुमचे अधिकारी फाईलवर लिहितील की घटनेत १८ वर्षं आहे, विषय संपला. नाही संपत. ३२६ वं कलम लोकसभा आणि विधानसभेचं आहे. पंचायतीला उभं राहायला २१ वर्षं हे घटनेत आहे, पण पंचायतीत मत द्यायला किती वय हे तिथे लिहिलेलं नाही, आणि २४३-के मध्ये पंचायत निवडणुकीचे कायदे करायचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला दिलाय. आपल्याकडे १८ कुठून येतं तर आपल्याच ग्रामपंचायत कायद्यातून, विधानसभेची मतदार यादी तीच गावाची यादी असं त्यात आपणच लिहून ठेवलंय. आपण लिहिलेलं आपल्याला बदलता येतं. ग्रामसभा पण त्याच यादीवर चालते, त्यामुळे एका दुरुस्तीत दोन्ही कामं होतील.

आणि हे आधी झालेलं आहे. १९८८ ला ६१ वी घटनादुरुस्ती झाली, २१ चं १८ केलं, ते २८ मार्च १९८९ पासून लागू झालं, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. पण त्या विधेयकाच्या उद्देशात एक गोष्ट होती ती पोरांच्या पुस्तकात नाही. काही राज्य सरकारांनी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत १८ वर्षांची अट आधीच स्वीकारलेली आहे, असं केंद्राने स्वतः त्यात लिहिलं होतं. म्हणजे आधी गावं-शहरं, मग दिल्ली. रोजगार हमी महाराष्ट्राने आधी केली आणि देशाने नंतर घेतली, तर इथे आपण कुणाची वाट बघतोय?

बाहेर बघायचं तर ब्राझीलमध्ये १९८८ पासून १६-१७ वाल्यांना मत आहे, ऐच्छिक. ऑस्ट्रियाने २००७ ला दिलं. स्कॉटलंडने २०१४ च्या सार्वमतात १६ वर्षांच्यांना घेतलं आणि मग त्यांच्या पार्लमेंटच्या निवडणुकीलाही कायम केलं. ह्या देशांचं वाटोळं झालेलं नाही. पण मला ह्या उदाहरणांवर फार जोर द्यायचा नाही, आपली गावं वेगळी, आपले सरपंच वेगळे.

खरं कारण मला माझ्या वर्गात दिसतं ते असं की अठरा हे पहिलं मत द्यायला सगळ्यात वाईट वय आहे, निदान खेड्यातल्या पोरासाठी. बारावी झाली की पोरगं पुण्याला, संभाजीनगरला, कुणी एमआयडीसीत, कुणी भरतीच्या अकॅडमीत, कुणी कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतंय, आणि पोरींचं तर विचारूच नका, काहींचं अठरा पूर्ण व्हायची वाट बघत घरचे बसलेलेच असतात. नाव गावाच्या यादीत आणि माणूस दुसरीकडे. मग मतदानाला येतं कोण, तर उमेदवाराने गाडी पाठवली तर येतं. गाडी पाठवणाऱ्याचं मीठ खाऊन दिलेलं ते पहिलं मत. सोळाव्या वर्षी ते पोर गावात असतं, त्याला डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) कधी जळाला, गटार कुठे तुंबतं, शाळेच्या मागच्या पाणंदीत पावसाळ्यात किती चिखल असतो हे सगळं पायाने माहीत असतं.

एक किस्सा सांगते, गावाचं नाव सांगत नाही. आमच्या दहावीच्या मुलींचा जादा तास संध्याकाळी सुटतो, थंडीत सहालाच अंधार पडतो आणि वस्तीवर जाणाऱ्या रस्त्याचे दिवे बंद. मुलींनी वहीच्या पानावर प्रत्येक खांबाचा नंबर लिहिला (खांबावर पांढऱ्या पट्ट्यात असतो बघा), कुठला पूर्ण बंद, कुठला लुकलुकतो, कुठल्याला दिवाच नाही, सगळं खांबागणिक. व्यवस्थित अर्ज केला, विषय, महोदय, आपली विश्वासू, सगळं मी शिकवलं तसं. ग्रामपंचायतीत सांगितलं मोठ्या माणसाची सही आणा. एका मुलीच्या वडिलांनी सही केली तेव्हा आवक शिक्का बसला. त्या वडिलांना त्यातला एक खांब नंबर माहीत नव्हता, ते त्या रस्त्याने अंधारात कधी चालतच नाहीत, गाडीवर जातात. नंतर काही दिवे लागले, काही अजून तसेच आहेत. ज्या माणसाचं मत आहे त्याची सही लागते आणि ज्याला कळतंय त्याला विचारत नाहीत, माझी तक्रार एवढीच आहे.

आता विरोधातलं पण सांगते कारण वर्गात हा विषय काढला तेव्हा पोरांमध्येच दोन तट पडले. एक मुलगी म्हणाली, बाई नको, घरी विचारतील कुणाला दिलं आणि खोटं बोलावं लागेल. मतदान गुप्त असतं हे पुस्तकातलं उत्तर दिलं मी तिला, पण चार जणांच्या घरात गुप्त काय राहतं हे मलाही माहितीय.

ह्याच्यापेक्षा मोठी भीती मला आमच्यासारख्यांचीच वाटते. खेड्यातली कितीतरी हायस्कुलं संस्थेची, आणि संस्था कुणाची तर नेत्याची. निवडणुकीत शिक्षकांना काय काय करायला लावतात हे आपल्याला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. उद्या दहावी-अकरावीच्या पोरांना मत आलं तर मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये वर्गाची यादी घेऊन बैठक बसेल, प्रॅक्टिकलच्या मार्कांची हळूच आठवण करून दिली जाईल. म्हणून कायदा करताना ह्यासाठी वेगळी आणि कडक शिक्षा त्यातच लिहा, संस्थाचालकाला सुद्धा, नुसतं मुख्याध्यापकाला बळीचा बकरा करू नका. आणि प्रचारात पोरं वापरण्याबद्दल तर केंद्रीय निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ ला स्पष्ट बजावलंय की लहान मुलांना कुठल्याही प्रचारात घ्यायचं नाही, तरी रॅलीत झेंडा धरून बाईकवर मागे बसलेली आमची नववीची पोरं मी ओळखते, दुसऱ्या दिवशी घसा बसलेला असतो वर्गात. घोषणा द्यायला चालतात मग.

ताबडतोब कायदा करणं अवघड आहे हे समजते मी, तर निदान एक सुरुवात करा. आपल्या कायद्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तशीच मुलांची सभा बंधनकारक करा, आणि तिथे झालेला ठराव मोठ्यांच्या ग्रामसभेत वाचून त्यावर हो किंवा नाही, आणि नाही तर का नाही, हे इतिवृत्तात लिहायची सक्ती करा. बालस्नेही गाव म्हणून सध्या जे चालतं त्यात बालसभा होते, म्हणजे फोटो होतो. पोरं रांगेत बसवायची, सरपंच दोन शब्द बोलणार, बिस्किटं वाटायची, फोटो अपलोड, झालं. पोरं काय बोलली ते कुणी लिहीत नाही.

आणि जाता जाता एक गोष्ट, खातं तुमचं नाही तरी सरकार तुमचंच आहे. अठराचं तरी धड अठरा ठेवा. २०२२ पासून वर्षातल्या चार तारखांपैकी कुठल्याही तारखेला अठरा पूर्ण असली तर नाव नोंदवता येतं म्हणून आम्ही शाळा-कॉलेजात सांगत फिरतो, पण नगरपरिषदांची निवडणूक झाली २ डिसेंबर २०२५ ला आणि यादी धरली १ जुलैची. ज्याला ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाली तो गेला बाद. त्याच्या गावात त्याआधी कित्येक वर्षं प्रशासक होता, आता पुढची निवडणूक पाच वर्षांनी, ती पण वेळेवर झाली तर. तेविसाव्या वर्षी पहिलं मत देणार तो आपल्या नगरसेवकाला. माझ्याकडून शिकून गेलेल्या अशा एका पोराने मला विचारलं की बाई तुम्ही तर १८ लिहायला सांगितलं होतं, मार्क पण दिले होते. काय सांगू त्याला?

उत्तर द्यावंसं वाटलं तर जाहीरच द्या. शाळेच्या पत्त्यावर नको, नाव ह्यासाठीच लिहीत नाहीये, नाहीतर तुमच्या उत्तराच्या आधी संस्थेचा खुलासा मागणारा कागद माझ्या टेबलावर येईल.

आपली,
दहावीला राज्यशास्त्र शिकवणारी एक बाई