गॅस ठेव, इंडक्शनही घे

गंगापूर रोड, नाशिक
रविवार

प्रिय मित्रा,

गॅस बरा की इंडक्शन, यावर एका अमेरिकन माणसाने केलेला आणि तू पाठवलेला दीड तासाचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. खाली तुझा प्रश्न होता, गॅस काढून टाकायचा का? काढू नकोस. पण इंडक्शन जरूर घे आणि रोजचा निम्म्याहून जास्त स्वयंपाक त्यावर ने. फोनवर सांगितले तर आकडे विसरशील, म्हणून सगळं लिहून काढतोय.

असे लांब व्हिडिओ मला मनापासून आवडतात. एखादी गोष्ट मुळापासून समजून घ्यायची तर दहा मिनिटं पुरत नाहीत, आणि या माणसाने कष्ट घेतलेत हे दिसतंच. फक्त तो बोलतोय त्याच्या ओट्याबद्दल. तुझा ओटा नाशकात आहे, तेव्हा व्हिडिओ तीन ठिकाणी थांबवून हिशेब बदलून घ्यायला हवा.

पहिलं ठिकाण गॅसचं. तिकडच्या घरांत पाइपमधून नैसर्गिक वायू येतो, म्हणजे मिथेन. २०२२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या ५३ घरांत मोजणी केली, तेव्हा एकूण मिथेनपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त मिथेन शेगडी बंद असताना सांध्यांतून गळत असल्याचं दिसलं. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात, आणि स्वयंपाक झाला की आपण रेग्युलेटरच बंद करतो. त्यामुळे तो मुद्दा जसाच्या तसा इकडे लागू होत नाही. नायट्रोजन डायऑक्साइडचा मुद्दा मात्र पुरेपूर लागू होतो, कारण तो गॅसमधून येत नाही. ज्योतीच्या उष्णतेने हवेतल्याच नायट्रोजनपासून तो तयार होतो. ज्योत कुठलीही असो, लहान बंद स्वयंपाकघरात तो साठतोच. खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट फॅन चालू, एवढं दोन्ही वेळेस झालं पाहिजे. भजी तळताना उठणारा तेलाचा धूर इंडक्शनवरही तेवढाच असतो, तेव्हा इंडक्शन आणलं म्हणून फॅन बंद ठेवायचा नाही.

दुसरं ठिकाण विजेचं. अमेरिकेत साध्या प्लगला १२० व्होल्ट येतात, म्हणून त्यांना मोठ्या इंडक्शनसाठी २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढून घ्यावी लागते. व्हिडिओतला सगळा खर्च तिथेच आहे. आपल्याकडे प्रत्येक पॉइंटला २३० व्होल्ट असतात, १६ अँपिअरचा एक धड पॉइंट असला की काम भागतं.

तिसरं ठिकाण बीटीयूचं, म्हणजे उष्णता मोजायच्या तिकडच्या मापाचं. तो बर्नरचे सांगतो ते ताशी १५,००० बीटीयू म्हणजे साधारण ४.४ किलोवॅट. आपल्या शेगडीचा मोठा बर्नर दोन किलोवॅटच्या आसपास आणि लहान सव्वा-दीडचा असतो. म्हणजे त्याने केलेल्या तुलनेत जिंकणारा गॅस तुझ्या घरात नाहीच. आपल्याकडे पाणी उकळण्याच्या शर्यतीत १८०० वॅटचं इंडक्शन पुढे जातं.

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने नव्या इमारतींत गॅसजोडणीवर घातलेली बंदी, २०२३ मध्ये कोर्टाने ती रद्द ठरवणं, हा त्यातला राजकीय भाग ऐकायला चांगला आहे. तुझ्या निर्णयाशी त्याचा संबंध नाही.

आता पैसे. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. एका किलोत विजेच्या जवळपास १२.७ युनिट एवढी उष्णता, म्हणजे भरलेल्या सिलिंडरमध्ये १८० युनिट. शेगडीला मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के कार्यक्षमता लागते, पण ती प्रयोगशाळेतली. घरात ज्योत पातेल्याच्या बाहेर जाते, वारा लागतो, त्यामुळे ६० टक्के धर. १०८ युनिट अन्नाला मिळाले. तेवढीच उष्णता इंडक्शन ८५ टक्क्यांनी द्यायचं म्हटलं तर १२७ युनिट वीज लागेल. म्हणून सोपा नियम: सिलिंडरच्या किमतीला १२५ ने भाग. येणारा आकडा तुझ्या विजेच्या युनिटभावापेक्षा जास्त असेल तर इंडक्शन स्वस्त, कमी असेल तर गॅस. फक्त सरासरी भाव धरू नकोस. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला स्लॅब बदलतो, आणि इंडक्शनचे युनिट वापराच्या टोकाला पडतात. तू महिन्याला ९० वर असशील तर पहिले दहा सोडून बाकीचे १०१ ते ३०० च्या भावाने पडतील. त्या स्लॅबचा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वर १६ टक्के वीज शुल्क, एवढी बेरीज करून तुलना कर.

माझ्या हिशेबावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः मोजून बघ. एक लिटर पाणी मापून झाकणाच्या पातेल्यात घे आणि दोन्हींवर तेच पातेलं वापर. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांना उकळतं. २५ अंशांपासून तिथपर्यंत इंडक्शनला ०.१ युनिट लागायला हवं, आणि १८०० वॅटवर साडेतीन मिनिटांच्या आत ते व्हायला हवं. मोठ्या बर्नरला चार मिनिटं आणि ११ ग्रॅमच्या आसपास गॅस लागेल. मोजताना घरातलं बाकी सगळं बंद ठेव, फ्रिजसुद्धा. मीटरवरचा लाल दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं. ३२०० असेल तर ०.१ युनिटला ३२० वेळा. आकडा फारच जास्त आला तर दोष बहुतेक पातेल्यात असतो.

पातेल्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण लोक फसतात ते इथेच. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या बारीक तारांचं वेटोळं असतं. त्यातला प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलतो, आणि त्यामुळे भांड्याच्या बुडातच प्रवाह सुरू होऊन बूड तापतं. त्यासाठी बुडाला लोहचुंबक चिकटायला हवा. तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम बाद, मातीचं खापरही बाद. काकूंची कल्हईची पितळी पातेली म्हणूनच गॅसवर राहतील. भांडी बाजारात जाशील तेव्हा फ्रिजवरचा एक चुंबक खिशात टाकून जा. 'इंडक्शनचं आहे' या शब्दावर घेऊ नकोस, चुंबक बुडाच्या मधोमध लाव आणि कडेलाही लाव. नेहमीच्या चांगल्या स्टीलला, ज्याला १८/८ म्हणतात, चुंबक बहुधा चिकटत नाही. ४३० जातीच्या स्टीलला चिकटतो. ट्राय-प्लायच्या भांड्यात बाहेरचा थर चुंबकाचा आणि मधला ॲल्युमिनियमचा असतो, त्यामुळे उष्णता बुडभर पसरते. दोनच भांडी घ्यायची असतील तर एक ट्राय-प्लाय पातेलं आणि एक स्टीलचा तीन लिटरचा कुकर घे. बूड सपाट आहे का तेही बघ. उलटं करून त्यावर स्टीलची पट्टी उभी धर, खालून उजेड दिसला तर ते भांडं ठेवून दे.

पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध लागतं आणि बुडाला गोल कडं उमटतं. ते कडं म्हणजे खालच्या वेटोळ्याचीच छाप. शिवाय बरीच यंत्रं ४०० वॅट सांगून प्रत्यक्षात १००० वॅट काही सेकंद चालू, काही सेकंद बंद अशी चालतात. कान दिलास तर ती टकटक ऐकू येते. म्हणून दूध जाड बुडाच्या भांड्यात, आधी भांडं पाण्याने विसळून, १००० वॅटच्या आत ठेवून तापव. मंद आचेवर बासुंदी आटवायची असेल तर मात्र गॅसचा लहान बर्नरच बरा.

कुकरच्या शिट्ट्या मोजायची सवय वहिनींना सोडावी लागेल. २००० वॅटवर तीन शिट्ट्या इतक्या भरभर होतात की तूरडाळ कच्ची राहते आणि दोष इंडक्शनला मिळतो. डाळ शिजते ती दाबाखाली गेलेल्या मिनिटांवर. अर्धा तास भिजवलेली डाळ १४०० वॅटवर पहिल्या शिट्टीपर्यंत ने, मग ४०० वर आणून आठ ते दहा मिनिटं ठेव आणि वाफ आपोआप जिरू दे. भातही तसाच, फक्त मिनिटं कमी.

फोडणीचं कढलं इंडक्शनला दिसतच नाही. साधारण १२ सेंटीमीटरहून लहान बूड बहुतेक यंत्रं ओळखत नाहीत आणि एरर दाखवून बंद पडतात. फोडणी कढईतच करायची असेल तर ८०० वॅटवर कर. २००० वर चमचाभर तेल बघता बघता धुरावतं, आणि मोहरी तडतडायच्या आत हिंग जळतो.

आता भाकरी. गॅस काढू नको म्हणतोय त्यामागे मोठं कारण हेच. बाजरीची भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकत आलं की उलटली, दुसरी बाजू तांबूस डागांपर्यंत भाजली. इथवर इंडक्शन चालतं, फक्त वेटोळं मधल्या १६-१८ सेंटीमीटरचंच असल्याने मोठ्या भाकरीचे काठ पांढरे राहतात आणि ती सारखी फिरवावी लागते. खरं काम पुढे आहे. पाणी न लावलेली बाजू ज्योतीकडे करून भाकरी चिमट्याने आचेवर धरली की एकदम चहूबाजूंनी उष्णता लागते, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रा सुटून ती टम्म फुगते. तव्यावर फडक्याने दाबूनही फुगवता येते, पण तो खरपूस वास येत नाही. भरताचं वांगं, वाटणासाठी आख्खा कांदा, काळ्या मसाल्याची सुक्या खोबऱ्याची वाटी, यांना ज्योतच लागते. इन्फ्रारेड शेगडीवर जाळी ठेवून थोडंफार जमतं, पण ती वीज जास्त खाते आणि बंद केल्यावरही बराच वेळ चटके देते. लोखंडी तवा इंडक्शनवर ठेवलासच तर ६०० वॅटवर चार-पाच मिनिटं हळूहळू तापव. एकदम पूर्ण वॅट दिले की पातळ तवा वाकतो आणि बिडाचा तडकतो.

घेण्याआधी वायरमनला बोलाव. २००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, सलग अर्धा अर्धा तास. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटला पिन बदलून किंवा एक्स्टेंशन बोर्डवर ते चालवलं की आतली पत्ती तापते, सैल होते आणि आणखी तापते. प्लगला हात लावून बघ. कोमट चालेल, चटका बसला किंवा सॉकेटला तपकिरी डाग दिसला तर लगेच थांब. १६ अँपिअरचा पॉइंट, त्याला बोर्डापासून वेगळी किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि तपासलेलं अर्थिंग हवं. तुझी इमारत जुनी आहे, तेव्हा अर्थिंगची वायर नुसती सॉकेटपर्यंत आलीय की खरंच जमिनीपर्यंत पोचलीय हे मीटर लावून बघायला सांग. गिझर आणि इंडक्शन सकाळी एकदम चालणार असतील तर मंजूर भारही बिलावर बघून घे.

इंडक्शन मरतं ते बहुधा उष्णतेने. खाली पंखा असतो, तो खालून हवा ओढतो. म्हणून त्याखाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक अंथरायचं नाही, आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचं. स्वयंपाक झाल्या झाल्या मेन बटण बंद करू नको, पंखा थांबेपर्यंत राहू दे. झुरळं पंख्याच्या फटीतून आत जातात आणि सर्किटवर मरतात, तेव्हा रात्री ते उभं करून कोरड्या जागी ठेव. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की प्लग काढ. आयजीबीटी नावाचा पार्ट उडाला तर दुरुस्तीवाल्याला सांग की फ्यूज आणि ब्रिज रेक्टिफायरही तपास. नुसता आयजीबीटी बदलला तर नवाही त्याच दिवशी उडू शकतो.

गॅसकडे दुर्लक्ष मात्र नको. वापर कमी झाला की लोक नळी विसरतात. नारंगी सुरक्षा नळीवर आयएस ९५७३ आणि तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की बदलायची, आणि दीड मीटरपेक्षा लांब ठेवायची नाही. ज्योत पिवळी पडली आणि भांड्यांना काजळी यायला लागली तर पितळी बर्नर काढून गरम साबणाच्या पाण्यात भिजव, भोकं जुन्या टूथब्रशने साफ कर, सुईने मोठी करू नको. पूर्ण वाळल्यावरच परत बसव. गळती बघायला साबणाचा फेस लाव, काडी कधीही पेटवू नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. वास आला तर कुठलंही बटण न दाबता रेग्युलेटर बंद कर, दार उघड आणि १९०६ ला फोन कर. पाइपचा गॅस तुमच्या भागात आला तर तो हलका असतो, वर चढतो, आणि शेगडीचे जेट बदलून घ्यावे लागतात. जुन्या जेटवर ज्योत अगदी बारीक येते.

सिलिंडर घेताना कड्याच्या आतल्या पट्टीवरचं अक्षरही वाचत जा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. ती चाचणीची मुदत असते. उलटून गेली असेल तर सिलिंडर परत पाठव.

वायरमन येऊन गेला की पॉइंट कुठे निघतोय ते कळव, म्हणजे ओट्यावर कुठलं यंत्र मावेल ते ठरवू. आणि आजच नळीवरची तारीख वाचून मला सांग. काकूंना नमस्कार.

तुझाच,
मित्र