तोफखान्याची पुस्तकं रद्दीत जायच्या आत आपल्याकडे आली पाहिजेत!

सगळ्या सभासदांना, माजी सैनिकांना आणि देवळाली कॅम्प, भगूर, नाशिकरोडकडच्या मंडळींना नमस्कार. मेसेज लांब आहे, पण पूर्ण वाचा. गेल्या वर्षीच्या आवाहनाला अंगठे आणि हात जोडलेले इमोजी ढिगाने आले आणि कपाट होतं तसंच राहिलं, म्हणून यावेळी जरा स्पष्टच लिहितोय, राग मानू नका.

वाचनालयातला तोफखाना विभाग सगळ्यांना माहितीये, म्हणजे निदान आत शिरल्यावर डाव्या हाताला असलेलं ते हिरवं कपाट तरी माहितीये. ते उभं राहिलं आपल्या सुभेदारमेजर काकांमुळे. रिटायर झाल्यावर काकांनी स्वतःची ट्रंक आणून टेबलावर उपडी केली, त्यात युनिटच्या स्मरणिका, रेझिंग डेचे (युनिटच्या स्थापनादिनाचे) अंक, फोटो आणि दोन फाटके युनिट इतिहास होते. त्यानंतर जोशात आलेल्या आपल्या शाळेच्या बाईंनी एकेका पुस्तकाला खाकी कव्हर घालून त्यावर सुवाच्य अक्षरात युनिटचं नाव, लढाई, साल लिहून ठेवलं, आजही नवीन माणसाला ते अक्षर बघूनच पुस्तक सापडतं. डॉक्टरवहिनी मुलाकडे लंडनला गेल्या तेव्हा स्वतःचं सामान कमी करून पर्वतीय तोफखान्याचा ग्रॅहॅम यांचा जाडजूड इतिहास घेऊन आल्या, १९५७ चं पुस्तक. आणि आपल्या सायकलवाल्या भाऊंनी तर रद्दीवाल्याकडे रोज चक्कर मारून फौजी अखबार या लष्करी नियतकालिकाचे जुने अंक किलोच्या भावाने सोडवून आणले, खिशातून पैसे घालून, त्याची पावतीसुद्धा घेतली नाही. या लोकांच्या जिवावर हा विभाग चाललाय, समितीच्या नाही, हे मी चिटणीस असून लिहितोय.

आता ही पुस्तकं एवढी दुर्मीळ का, हे पोराटोरांनी विचारलं म्हणून सांगतो. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाच्या हातात मोठी तोफ द्यायचीच नाही असं ठरवलं, थोड्या पर्वतीय बॅटऱ्या, म्हणजे डोंगरात न्यायच्या हलक्या तोफांच्या तुकड्या, तेवढ्या ठेवल्या. त्यातली ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी २८ सप्टेंबर १८२७ ची, म्हणून आजही २८ सप्टेंबरला गनर्स डे, म्हणजे तोफखान्याचा दिवस, असतो आणि ती आपल्या मुंबई इलाख्यातली होती हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. हिंदी लोकांची पहिली फील्ड ब्रिगेड, म्हणजे मैदानी तोफांची तुकडी, उभी राहिली १५ जानेवारी १९३५ ला, बंगलोरला. म्हणजे महायुद्ध सुरू झालं तेव्हा आपला फील्ड तोफखाना जेमतेम चार-पाच वर्षांचा, आणि तोच लिबियाच्या वाळवंटात गेला! २७ मे १९४२ ला बीर हकीमजवळ दुसऱ्या इंडियन फील्ड रेजिमेंटने इटालियन रणगाडे २५ पौंडी तोफांनी समोरासमोर अंगावर घेतले, तिथे मेजर कुमारमंगलम होते, डीएसओ हे शौर्यपदक मिळालं, कैदी झाले आणि पुढे १९६६ ला लष्करप्रमुख झाले. डिसेंबर १९४४ ला बर्मातल्या आराकानात कलादन खोऱ्यात हवालदार उमराव सिंग तोफेजवळून हलले नाहीत, शेवटी तोफेचा लोखंडी दांडा घेऊन लढले, व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांच्यासारख्यांच्या ३.७ इंची तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादून डोंगर चढवायच्या, आठ खेचरं एका तोफेला. आणि मराठा अँटी-टँक रेजिमेंट नावाचं युनिट होतं हे तर मराठ्यांचा इतिहास पाठ असणाऱ्यांनाही सांगावं लागतं.

हे सगळं लिहिलं गेलं, पण कसं? युद्ध संपल्यावर युनिट मोडायच्या आधी कुणा अधिकाऱ्याने चार लोकांना विचारून, डायरी बघून एक छोटं पुस्तक छापून घ्यायचं, तेही फक्त युनिटच्या लोकांपुरतं. दुकानात कधी आलंच नाही. मग १९४७ ला युनिटं दोन देशांत वाटली गेली, गॅलिपोलीत १९१५ ला उतरलेली कोहाट बॅटरी पाकिस्तानात गेली, कागद कुठे, माणसं कुठे. वॉर डायऱ्या लंडनच्या अर्काइव्हमध्ये मिळतील, पण त्यात तोफेवरच्या जवानाचं काय चाललं होतं ते नसतं, आणि त्या पुस्तकांतही साहेबांची नावं ठळक आणि खेचरं हाकणारे ड्रायव्हर नुसत्या आकड्यात.

म्हणून आम्हाला हाताने लिहिलेलंही हवंय. मागे भगूरच्या एका घरातून एक वही आली, मेणकापडाचं कव्हर, आत गनरी क्लासच्या नोट्स रोमन उर्दूत (इंग्रजी अक्षरांत लिहिलेली उर्दू), रेंज टेबल (पल्ल्याचे तक्ते), मध्येच ‘नंबर वन’ने, म्हणजे तोफेच्या प्रमुखाने, काय काय बघायचं त्याची यादी आणि मागच्या पानावर धोब्याचा हिशोब. आजोबांचं काही नाही हो, फालतू वही आहे, असं घरचे म्हणत होते! असली फालतू वही तुमच्या माळ्यावर असेल तर द्या. ६२, ६५, ७१ आणि कारगिल, कुठल्याही लढाईतल्या तोफखान्याची आठवण चालेल, मराठीत लिहिलेली असेल तर दुधात साखर. मूळ वही द्यायची नसेल तर स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ.

आता घाई कशाची ते. कॅम्पातला एक जुना बंगला विकला गेलाय, तोफखान्यात नोकरी केलेल्या साहेबांचा, त्यांची मुलगी परदेशातून येऊन सामान आवरतीये. पुस्तकं आणि कागद तिने आपल्याला फुकट द्यायचं कबूल केलंय, पण दिवाळीआधी उचललं नाही तर बिल्डरचे लोक सगळं भंगारात काढणार. त्यात दोन युनिट इतिहास मी हातात घेऊन बघितलेत, घडीचे नकाशे जोडलेले, वाळवी एका कोपऱ्यापर्यंत पोचलीये. त्याशिवाय एका परदेशी जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे बर्मातल्या आपल्या एका फील्ड रेजिमेंटचा इतिहास आलाय, किंमत ऐकून खजिनदार गप्प बसले, पण तो गेला तर परत कधी दिसेल याची खात्री नाही.

एक बोलतो आणि थांबतो. सैनिकांच्या स्मारकाला हार घालायला फोटोसकट सगळे येतात. सैनिकाने लिहिलेली वही जपायला कपाट मागितलं की मात्र “बघू, कळवतो” म्हणतात. गेल्या वर्षी कळवतो म्हणालेल्यांनी अजून कळवलेलं नाही.

तर, पैसे: कितीही चालतील, क्यूआर कोड काउंटरवर लावलाय, पावती लगेच, आयकर सवलतीचं सर्टिफिकेट आपल्याकडे नाही, आधीच सांगून ठेवतो. वस्तू: दोन लोखंडी कपाटं (काचेची नकोत), चालू स्थितीतला फ्लॅटबेड स्कॅनर, वाळवीचं औषध, पुठ्ठ्याचे मजबूत खोके. माणसं: बंगल्यावरून खोके उचलायला येत्या रविवारी सकाळी आठला वाचनालयाच्या दारात, टेम्पो सांगितलाय, जड उचलू शकणारी पोरं हवीत, रोमन उर्दू वाचता येणारं कोणी असेल तर त्यांनी खोके न उचलता नुसतं यावं. फोन न करता थेट काउंटरवर या, संध्याकाळी पाच ते आठ, सोमवारी बंद. सुभेदारमेजर काका रोज सहाला येतात, वही आणलीत तर त्यांच्याच हातात द्या.