आधी येणे, मग जमा: लाभांशाची वही घालून देणाऱ्या काकूंना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

तुम्ही आमच्या गटाला लाभांशाची वही घालून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र तुम्हालाच आहे, पण मुद्दाम उघड लिहीत आहोत. शेअर आहेत, दरवर्षी त्यांवर लाभांश म्हणजे डिव्हिडंडही (कंपनीच्या नफ्यातला वाटा) येतो, पण किती यायला हवा होता आणि किती आला याची नोंद कुठेच नाही, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. तुमची पद्धत त्यांच्यापर्यंतही पोहोचावी.

तुमचा पहिला नियम असा: पासबुक समोर ठेवून वही लिहायची नाही. पासबुकात आलेले पैसे दिसतात, न आलेले दिसत नाहीत. कंपनीनं लाभांश जाहीर केला की वहीत आधी येणे लिहायचं, पैसे आले की त्याच ओळीत जमा लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात फरक. सगळी वही या एका क्रमावर उभी आहे. जमेपासून सुरुवात करणाऱ्याला बुडालेला डिव्हिडंड कधीच सापडत नाही, कारण त्याची ओळच वहीत नसते.

तुम्ही आखून दिलेले बारा रकाने आजही तसेच आहेत. कंपनी, डीमॅट खातं, प्रकार (वर्षाच्या मध्येच दिलेला अंतरिम, वर्ष संपल्यावरचा अंतिम की एखाद्या वेळचा विशेष), रेकॉर्ड डेट (ज्या दिवशी नाव नोंदलेलं असेल त्याला लाभांश मिळतो तो दिवस), त्या दिवशी हातात असलेले शेअर, प्रति शेअर रुपये, ढोबळ म्हणजे कपातीआधीचं येणे, टीडीएस (कंपनीनं आधीच कापलेला कर), निव्वळ येणे, जमेची तारीख, जमा रक्कम, फरक. एका लाभांशाला एक ओळ, आणि घरातल्या प्रत्येक पॅनची वेगळी वही. हा वेगळेपणा फार मोलाचा, कारण कंपनी टीडीएसची मर्यादा (वर्षाला किती लाभांशापर्यंत कर कापायचा नाही) पॅनवर मोजते. एकाच माणसाची दोन डीमॅट खाती असतील तर दोन्हींतले शेअर एकत्र धरले जातात. नवराबायकोचं संयुक्त खातं असेल तर पैसे, टीडीएस आणि आयकराकडची नोंद हे सगळं पहिल्या नावावर पडतं.

‘त्या दिवशीचे शेअर’ या रकान्यावर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ घेतलात, आणि तेच योग्य होतं. २७ जानेवारी २०२३ पासून आपल्या बाजारात सगळ्या शेअरांचा व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होऊ लागला. तेव्हापासून एक्स-डेट (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) आणि रेकॉर्ड डेट साधारणपणे एकाच दिवशी येतात. डिव्हिडंड हवा तर शेअर निदान आदल्या कामकाजाच्या दिवशी घेतलेला असावा लागतो. उलट, एक्स-डेटलाच शेअर विकला तरी तो लाभांश विकणाऱ्यालाच मिळतो. म्हणून वही गुगल शीटवर असेल आणि आजच्या होल्डिंगची संख्या सूत्रानं ओढून आणली की जुन्या सगळ्या ओळी बिघडतात. ही संख्या हातानं लिहायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही.

बोनसच्या वेळी याची खरी किंमत कळते. रिलायन्सनं ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. त्याआधीचा लाभांश शेअरमागे १० रुपये होता, नंतरचा ५.५० रुपये. नुसता प्रति शेअर आकडा पाहिला तर लाभांश जवळजवळ निम्म्यावर आला असं वाटेल. पण ज्याच्याकडे १०० शेअर होते त्याच्याकडे २०० झाले, आणि १,००० रुपयांच्या जागी १,१०० रुपये आले. वहीत दोन्ही वर्षांची शेअरसंख्या आपापल्या ओळीत असली की हा प्रश्नच उरत नाही.

टक्क्यांच्या बाबतीतही तुम्ही वेळेवर सावध केलंत. ‘२५० टक्के लाभांश’ अशी बातमी आली की ती दर्शनी मूल्यावरची (शेअरच्या मूळ नोंदलेल्या किमतीवरची) टक्केवारी असते, बाजारभावावरची नव्हे. दर्शनी मूल्य २ रुपये असेल तर २५० टक्के म्हणजे ५ रुपये, आणि १ रुपया असेल तर फक्त अडीच. वहीत टक्के लिहायचेच नाहीत, रुपयेच लिहायचे. आकडा बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणेतून घ्यायचा. गुगल शीटमधलं गुगलफायनान्सचं सूत्र शेअरचा भाव आणून देतं, लाभांश आणून देत नाही, त्यामुळे हे काम हातानंच करावं लागतं.

तुम्ही फळ्यावर सोडवलेलं टीसीएसचं उदाहरण इथे पुरतं देतो. एवढ्या एका गणितात बरंच काही कळतं.

आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी कंपनीचा एकूण लाभांश १२६ रुपये: १० आणि १० चे दोन अंतरिम, जानेवारी २०२५ मध्ये १० अंतरिम अधिक ६६ विशेष, आणि वर्ष संपल्यावर जाहीर झालेला ३० रुपयांचा अंतिम. पण हा शेवटचा ३० रुपयांचा लाभांश भागधारकांच्या हाती पडला पुढच्या आर्थिक वर्षात. २०२४-२५ मध्ये जो अंतिम लाभांश मिळाला तो आदल्या वर्षाचा, २८ रुपयांचा. म्हणजे आपल्या हातात त्या वर्षी आले २८ + १० + १० + ७६ = १२४ रुपये. कंपनीचं वर्ष आणि आपल्या उत्पन्नाचं वर्ष वेगळं असतं ते असं. ४० शेअरवर कंपनीच्या आकड्यानं ५,०४० होतात, आपल्या वहीनं ४,९६०. फरक ८० रुपयांचाच, पण टीडीएसची तेव्हाची ५,००० ची मर्यादा या दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये येते. ४० शेअरवाल्याचा टीडीएस कापला जाण्याचं कारण नव्हतं. ४१ शेअर असते तर ५,०८४ झाले असते आणि १० टक्के कपात लागू झाली असती. मर्यादा वर्षाच्या मध्येच ओलांडली गेली की आधीच्या हप्त्यांवरची कपातही काही वेळा शेवटच्या हप्त्यातून होते. ४१ शेअरवर सुमारे ५०८ रुपये एकदम ३,११६ रुपयांच्या हप्त्यातून गेले तर ती कपात सोळा टक्क्यांच्या वर दिसते. वही नसलेला माणूस इथे घाबरतो. वही असलेला वर्षाची बेरीज करतो आणि पुढे जातो.

१ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा एका कंपनीमागे वर्षाला १०,००० रुपये झाली. पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय असेल तर कपात २० टक्क्यांनी होते. परदेशी असलेल्या मुलांच्या नावावर अनिवासी म्हणून शेअर असतील तर ही मर्यादा त्यांना लागूच नाही. तिथे पहिल्या रुपयापासून २० टक्के आणि वर अधिभार-उपकर, किंवा त्या देशाशी असलेल्या करारातला दर, आणि त्या दरासाठी कागदपत्रं कंपनीच्या मुदतीत द्यावी लागतात. ज्या ज्येष्ठांना एकूण करच लागत नाही त्यांनी स्वयंघोषणेचा अर्ज रजिस्ट्रारकडे (कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) दर आर्थिक वर्षी नव्यानं भरायचा. गेल्या वर्षी दिलेला अर्ज यंदा चालत नाही, हे तुम्ही किती वेळा बजावलंत!

मर्यादेखाली टीडीएस नाही म्हणजे कर नाही, हा समज तुम्ही मुळातूनच काढलात. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा कर कंपनी भरत होती. १ एप्रिल २०२० पासून पूर्ण लाभांश आपल्या उत्पन्नात धरला जातो आणि आपल्या स्लॅबप्रमाणे त्यावर कर लागतो. विवरणपत्रात निव्वळ नाही, ढोबळ रक्कम दाखवायची, कापलेल्या टीडीएसचं श्रेय वेगळं घ्यायचं. बँकेत आलेल्या रकमाच जोडून भरणाऱ्याचं उत्पन्न तेवढं कमी दाखवलं जातं. एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या वार्षिक माहितीपत्रकात, कंपनीनं कळवलेला ढोबळ आकडा असतोच, त्यामुळे तफावतीची विचारणा येते. मात्र एआयएसही डोळे मिटून उतरवायचं नाही. तिथे एकच लाभांश कधी टीडीएसच्या नोंदीत आणि कधी कंपनीच्या माहितीच्या नोंदीत असा दोनदा दिसतो. वहीतली ढोबळ बेरीज हाच आपला आधार.

विवरणपत्र लाभांश पाच तुकड्यांत मागतं: १५ जूनपर्यंत, १५ सप्टेंबरपर्यंत, १५ डिसेंबरपर्यंत, १५ मार्चपर्यंत आणि ३१ मार्चपर्यंत. हे केवळ कागद भरणं नाही. आगाऊ कराचा हप्ता चुकल्याचं व्याज लाभांशाच्या बाबतीत माफ होतं, कारण तो कधी येईल हे आधी माहीत नसतं, पण त्यासाठी तो कोणत्या टप्प्यात आला हे दाखवावं लागतं आणि कर पुढच्या हप्त्यांत भरलेला असावा लागतो. तुम्ही तारखांच्या आधारे ‘सम-इफ्स’ या अटी लावून बेरीज करणाऱ्या सूत्रानं या पाच बेरजा आपोआप पाडून दिल्यात, त्यामुळे जुलै महिन्यातली धावपळ संपली.

आता ज्या भागासाठी सगळ्यात जास्त ऋणी आहोत तो: फरकाचा रकाना. एखाद्या रुपयाचा फरक टीडीएसच्या पूर्णांकामुळे येतो, तो सोडून द्यायचा. जमा रकाना कोराच राहिला तर मात्र पाठपुरावा करायचा. तो कधी सुरू करायचा हेही तुम्हीच शिकवलंत. अंतिम लाभांश भागधारकांच्या वार्षिक सभेत मंजूर होतो आणि त्या दिवसापासून ३० दिवसांत तो मिळायला हवा. रेकॉर्ड डेट सभेच्या कितीतरी आधीची असू शकते. आयटीसीच्या २०२५ च्या ७.८५ रुपयांच्या अंतिम लाभांशाची रेकॉर्ड डेट मे महिन्यात होती, पैसे आले जुलैच्या अखेरीस. जूनमध्ये तक्रार करण्यात अर्थ नव्हता. अंतरिम लाभांश संचालक मंडळ जाहीर करतं, तिथे ३० दिवस त्या घोषणेपासून.

पैसे न येण्याचं नेहमीचं कारण बँकेच्या तपशिलात असतं. डीमॅटला जोडलेलं खातं बंद केलेलं, किंवा विलीनीकरणात आयएफएससी बदललेला. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद, ओरिएंटल या बँका १ एप्रिल २०२० ला इतरांत मिसळल्या. आपल्याकडे जुन्या डीमॅट खात्यांना देना बँकेची खाती जोडलेली पुष्कळ सापडतात. शेअर डीमॅटमध्ये असतील तर बँकेचा बदल डीमॅट ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच नोंदवायचा, कंपनीला पत्र लिहून उपयोग नाही. कागदी प्रमाणपत्रं असतील तर रजिस्ट्रारकडे केवायसी पुरं करायचं, कारण १ एप्रिल २०२४ पासून केवायसी अपुरं असलेल्या फोलिओंचा (कागदी शेअरांच्या खात्यांचा) लाभांश रोखून ठेवला जातो. मग अडकलेल्या लाभांशासाठी केफिन, एमयूएफजी इनटाइम किंवा जो कुणी त्या कंपनीचा रजिस्ट्रार असेल त्याला ईमेल: डीमॅट खात्याचे डीपी आयडी आणि क्लायंट आयडी किंवा फोलिओ क्रमांक, लाभांशाचं वर्ष, शेअरसंख्या, रक्कम आणि रद्द केलेला धनादेश. हे सगळे आकडे वहीच्या एका ओळीतून उचलता येतात.

घाई का करायची तेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. न घेतलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात ठेवते, आणि सात वर्षांनी ती सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत (आयईपीएफ) जाते. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअरही तिकडेच जातात, आणि नंतरचे लाभांशही. ते परत मिळतात, पण आयईपीएफ-५ अर्ज, कंपनीची पडताळणी आणि लांबलचक वाट पाहणं या मार्गानं. कंपनीच्या संकेतस्थळावर न घेतलेल्या लाभांशाच्या याद्या असतात. आईवडिलांच्या नावानं त्या एकदा तरी शोधाव्यात, असा आग्रह आम्ही आता ओळखीच्या प्रत्येकाला धरतो.

पुढच्या वर्षीच्या अंदाजाबाबत तुमची शिस्त कडक होती आणि ती पाळावीच लागते. विशेष लाभांश अंदाजात धरायचा नाही. टीसीएसचाच विशेष लाभांश जानेवारी २०२३ मध्ये ६७ रुपये, जानेवारी २०२४ मध्ये १८, जानेवारी २०२५ मध्ये ६६ होता. यावर घरखर्च बांधता येत नाही. नियमित लाभांशाची मागच्या बारा महिन्यांची बेरीज भागिले बारा, एवढाच महिन्याचा आकडा. शिवाय वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत आटोपाव्या लागत असल्यानं पैसा जून ते सप्टेंबर दाटीनं येतो आणि मधले काही महिने कोरडे जातात. तो वेगळ्या बचत खात्यात जमू द्यायचा आणि तिथून दरमहा ठरलेली रक्कम उचलायची, ही तुमची सूचना पेन्शन नसलेल्यांच्या फार उपयोगी पडली. म्युच्युअल फंडाचे आयडीसीडब्ल्यू (फंडाकडून होणारं लाभांशासारखं वाटप) आणि रीट-इन्व्हिटचं (स्थावर मालमत्ता आणि पायाभूत प्रकल्पांच्या ट्रस्टचं) वाटप वेगळ्या पानावर ठेवायला लावलंत, तेही बरोबरच. रीटच्या एका रकमेत व्याज, लाभांश आणि मुद्दलाची परतफेड असे वेगवेगळे भाग असतात, आणि त्यांचा कर एकसारखा नसतो.

काकू, हे सगळं तुम्ही एकही पैसा न घेता, एकही शेअर ‘घ्या’ असं न सुचवता शिकवलंत. शंका कितीही बारीक असली तरी कागद-पेन्सिल घेऊन पहिल्यापासून मांडून दाखवलीत. वहीच्या शेवटच्या पानावर डीमॅट खाती, नॉमिनी आणि रजिस्ट्रारची यादी तुमच्या सांगण्यावरून केली आहे, आणि ती वही कुठे असते हे घरात दुसऱ्या एकाला तरी सांगून ठेवलं आहे. यंदाच्या सभांचा हंगाम संपला की सगळ्यांच्या वह्या तुमच्या नजरेखालून घालायच्या आहेत. तुम्हाला सोयीची तारीख कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
गटातले सर्वजण