बॉयलरला विश्रांती घ्यायला सांगायचं का?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत दमल्या-थकल्याच्या इंग्रजी वाक्प्रचारांची चौकट वाचली. डॉग-टायर्ड, नॅकर्ड, बर्न्ट आउट, ऑन लास्ट लेग्ज, सगळ्यांपुढे एकच अर्थ, 'खूप थकलेला'. वा! झालं की काम.

आमच्या धाकट्याने तुमच्याच पेपरातल्या अशा याद्या कापून पाठ केल्या होत्या. पुण्यात कॉल सेंटरात यूके प्रोसेसला लागला, म्हणजे ब्रिटनच्या ग्राहकांचे फोन घ्यायचे, रात्रपाळी. ऐन जानेवारीत तिकडच्या एका आजीबाईंचा फोन, 'द बॉयलर्स नॅकर्ड, लव्ह'. म्हणजे बॉयलरने मान टाकली, घरात हीटिंग नाही की नळाला गरम पाणी नाही. चिरंजिवांना त्या 'लव्ह'नेच घाम फुटला (तिकडे दुकानदारसुद्धा सर्रास लव्ह म्हणतात, हे कुठल्या चौकटीत येत नाही), बॉयलर ऐकूच आला नाही, नॅकर्ड तेवढं ओळखीचं, मग काय, अगदी अदबीने 'प्लीज टेक सम रेस्ट मॅडम' म्हणाला. पुढे बाई जे बोलल्या ते तुम्ही छापणार नाही. क्वालिटीवाल्यांनी रेकॉर्डिंग अख्ख्या टीमला ऐकवलं, वर त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला तो गेलाच.

अहो, नॅकर म्हणजे म्हातारे, निकामी घोडे विकत घेऊन कापणारा आणि कातडं-हाडं विकणारा. त्यामुळे माणूस असो, मोटार असो नाहीतर बॉयलर, कामातून गेला की नॅकर्ड. शिवाय शब्द जरा गावरान, मित्रांत ठीक, साहेबापुढे नको. आणि तुमची चौकट म्हणते इंटरव्ह्यूत वापरा! दमलेला उमेदवार कोण घेतं हो?

बर्न्ट आउटचंही तेच. फ्रॉइडेनबर्गर नावाच्या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्या 'बर्नआउट'वर लेख लिहिला, २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउट नोकरीतल्या सततच्या ताणाशी जोडला, तेही आजार म्हणून नाही. तुमच्याकडे मात्र मंडईतून पिशव्या उचलून आणल्या तरी माणूस बर्न्ट आउट. 'बर्न द मिडनाइट ऑइल'ही त्यातच कोंबलंय, ते रात्री जागून काम करणं आहे, दमणं नव्हे. तपासतं कोण हे?

आणि ही चौकट बसवायला शब्दकोडं एवढं बारीक केलंत की भिंग घेऊन बसावं लागतं, त्यातही उभ्या शब्दांतली शेवटची सूचना कापली गेलीये. निदान तेवढी तरी उद्याच्या अंकात छापा.

आपला जुना वाचक,
चिंचवड